नाक हवंय? आधी शत्रू शोधा

तुमचं नाक वाईट आहे हे परवापर्यंत तुमच्या लक्षात आलं नव्हतं ना? काळजी नको, मोबाइल त्यासाठीच असतो. फक्त तो लांब धरू नका. चांगला फूटभरावर आणा आणि मग बटण दाबा. एवढ्या जवळून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं, असा हिशेब २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मांडला. यावर उपाय म्हणजे फोटो लांबून काढणे. पण तो फुकट असल्यामुळे त्यात काही राम नाही.

तेव्हा ऑपरेशन ठरलं. पैशांचं काय, तर मेडिक्लेम आहेच, असं म्हणत तुम्ही पॉलिसी उघडाल (आयुष्यात पहिल्यांदा). तिथे ‘एक्स्क्ल ०८’ नावाचा कोड भेटेल. कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीला दमडी मिळणार नाही. मिळालीच तर अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरच्या दुरुस्तीला, नाहीतर प्रकृतीसाठी गरजेचं आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर. म्हणून ‘दिसायला बरं नाही’ हे शब्द तोंडातून काढू नका. दिसणं ही चैन, श्वास ही गरज. आरशासमोर रडलात तर ते तुमच्या खर्चाने, घोरलात तर कंपनीच्या.

खरं बोलण्याच्या फंदात मात्र पडू नका. मी पडलो. आठवीत टेनिस बॉल तोंडावर घेतल्यापासून माझ्या नाकाचा आतला पडदा वाकडा. उजवी नाकपुडी नावाला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून तसं लिहूनही दिलं. कंपनीने विचारलं, हे सौंदर्यासाठी नाही कशावरून? फोटो जोडा. वाकडा आहे तो आतला पडदा, त्यांना हवा होता बाहेरचा फोटो. शिवाय माझ्या पॉलिसीत या दुखण्याला दोन वर्षं थांबण्याची अट होती. थांबलो. श्वास घ्यायला तोंड होतंच.

एवढा धीर नसेल तर सरळ नाक शत्रूकडून कापून घ्या. या बाबतीत पुण्याची परंपरा थोर आहे. कावसजी हा इंग्रजी फौजेतला बैल हाकणारा मराठा गडी. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि नाकासकट एक हातही गमावून बसला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कारागिराने त्याला नवं नाक बसवून दिलं.

कसं, ते जरा नीट वाचा, म्हणजे तुमच्या सर्जनच्या एसी केबिनची किंमत कळेल. मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक करून ते थोटकावर जमवून बघायचं. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ मारायची. रेघेवरून कातडी सोडवायची, दोन भुवयांमधला चिंचोळा पट्टा तेवढा जोडलेला ठेवायचा. मग ती पिळून खाली वळवायची आणि थोटकाच्या कडा खरवडून त्यात बसवायची. वर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या फडक्याच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या चिंध्या. पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, म्हणजे भोकं बुजू नयेत. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधला पट्टा कापला की नाक तुमचं. भूल द्यायची विद्या अजून पन्नास वर्षं लांब होती.

मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजीच्या चित्रासह ती छापून आली आणि वीस वर्षांनी, १८१४ साली, जोसेफ कार्प्यू या सर्जनने लंडनमध्ये ती करून दाखवली. कॅन्सरमध्ये नाक गेलं तर आजही कपाळाचीच कातडी खाली वळवतात. मासिकात डॉक्टरांची नावं आली, कावसजीचं आलं. कारागिराचं आलं नाही, जात तेवढी आली.

त्याने कावसजीला विचारलं नसावं की बाबा रे, हे श्वासासाठी की दिसण्यासाठी? आज मात्र कावसजीचा क्लेम अडकला असता. युद्धात झालेली इजा सहसा पॉलिसीत बसत नाही. टिपूकडून अपघाताचा दाखला आणलात तर पुढे बघू.

तर शत्रू निवडताना फौजेतला नको. रिक्षावाला चालेल, पण एफआयआर घ्यायला विसरू नका.

माझं ऑपरेशन झालं एकदाचं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नाकातली पट्टी ओढायला घेतली. ती हातभर निघाली, अजून निघाली, मला वाटलं मेंदूच येतोय. आणि मग उजव्या नाकपुडीतून वारा आत शिरला, थंडगार, स्पिरिटच्या वासासकट. आठवीनंतर पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी आलं.

भेटायला मावशी आली होती. तिने चष्मा पुसला, माझा चेहरा उजवीकडून पाहिला, डावीकडून पाहिला, आणि आईकडे वळून म्हणाली, “एवढे पैसे घालून होतं तसंच गं!”