माज संपला म्हणून हरिण संपत नाही

डिसेंबर उजाडला की अमेरिकेतल्या शिकारी मंडळींमध्ये एक मजकूर दरवर्षी नव्याने फिरू लागतो. तिथे परवाना काढून शिकारीला जाणारी मराठी माणसं मोजकीच. त्यांच्या गटांतही तो येतो, हल्ली मराठीत होऊन. गोषवारा असा: पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माज नोव्हेंबरात ओसरला की शिकार संपली. मोठे नर इलाखा सोडून जातात, उरलेले पक्के निशाचर होतात, कडाक्याच्या थंडीत तर कोणीच जागचं हलत नाही. तरीही जायचंच असेल तर २८ दिवसांनी येणाऱ्या दुसऱ्या माजाची वाट पाहा, नाहीतर माणसं लावून हरणं हुसकायला हाका घाला, नाहीतर आमिष म्हणून मका ओता. आणि एवढं करून नर मिळालाच तरी त्याचं मांस तोंडात घालवत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार आपल्याकडे हरणाची शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं माझं मत आहे. इथे विषय आहे ओहायो या अमेरिकी राज्याचा, जिथे राज्याचं वन्यजीव खातं हंगाम आणि मारायच्या हरणांची संख्या ठरवून देतं. आणखी एक फरक: आपल्या चितळाचा माज एका महिन्याला बांधलेला नसतो, ताडोबात कुठल्याही ऋतूत कडक शिंगांचा नर दिसू शकतो. ओहायोतलं हरिण मात्र दिवसाच्या लांबीवर चालतं. दिवस आखडत गेले की बहुतेक माद्या नोव्हेंबरच्या मध्याला माजावर येतात आणि साधारण २०० दिवसांनी, मे अखेर ते जूनमध्ये, पाडसं जन्मतात. थंडी लवकर पडली किंवा पौर्णिमा पुढे-मागे आली म्हणून हे वेळापत्रक हलत नाही.

आता मोठे नर इलाखा सोडून जातात, हा पहिला दावा. खरं तर उलट आहे. नर भटकतो तो माजात, माद्यांच्या मागे. माज ओसरला की तो आपल्या नेहमीच्या टापूत परततो आणि त्यातलाही छोटासा भाग वापरतो. मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात किंवा मेन राज्यात बर्फ इतका साचतो की हरणं खरोखरच दूरवर, सीडर आणि हेमलॉक या सदाहरित झाडांच्या दाट छायेत जाऊन जमतात. तिथल्या कोणी हे लिहिलं असेल तर त्याच्यापुरतं बरोबर आहे. आग्नेय ओहायोच्या टेकड्यांत तसं होत नाही. तिथे हरिण उतार बदलतं. नोव्हेंबरात तुम्ही ज्या वाटेवर मचाण बांधलं होतं ती वाट माद्यांच्या मागावर होती. आता त्याला हवंय दक्षिणेकडे तोंड असलेलं, ऊन खाणारं, वाऱ्याच्या आडचं बसायचं ठिकाण आणि त्याच्या जवळपास अन्न. जुन्या मचाणावर बसून ‘नर गेले’ म्हणणं म्हणजे बाजार उठल्यावर त्याच ओट्यावर बसून गिऱ्हाइकाची वाट पाहणं.

दुसरा दावा निशाचर होण्याचा. यावर जरा थांबतो, कारण बहुतेक लोक याच कारणाने घरी बसतात.

हरिण रवंथ करणारं जनावर आहे. सूर्योदयाला बसलं आणि सूर्यास्ताला उठलं, असं त्याच्या पोटाला परवडत नाही. दिवसाही ते अनेकदा उठतं, अंग ताणतं, चार पावलांवरचं काहीतरी खुडतं आणि पुन्हा बसतं. पहाट आणि संध्याकाळ या त्याच्या मुख्य वेळा वर्षभर असतात, डिसेंबरातही. मग ते दिसत का नाही? एक तर ते थोडंच चालतं. दुसरं, आणि हे आपल्याला ऐकायला आवडत नाही, दोन महिने आपण त्याला शिकवलेलं असतं. ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी दक्षिण कॅरोलिनात नरांना जीपीएसचे पट्टे घालून पाहिलं, तेव्हा ज्या मचाणावर माणूस बसून गेला त्याच्या आसपास नर पुढचे काही दिवस उजेडी फिरकायचं टाळत होते. रात्री मात्र येत होते. म्हणजे ते निशाचर झाले ते तुमच्या मचाणापुरते. दोनशे पावलांवरच्या झुडपात ते भर दुपारी उठून कोंब खात असतील.

त्यामुळे या दिवसांत शिकार बसण्यापेक्षा जाण्या-येण्यात जिंकली किंवा हरली जाते. सकाळी जाऊच नका, असं मी म्हणेन. अंधारात हरणं शेतात किंवा ओकखाली असतात आणि तुम्ही त्यांच्यातूनच चालत जाता. दुपारी जा, वाऱ्याला तोंड देऊन. संध्याकाळी टेकडीवरची हवा थंड होऊन घळीतून खाली वाहते, तुमचा वासही तिच्यासोबत जातो, म्हणून मचाण घळीच्या तोंडाच्या वरच्या अंगाला नको. परतीचा प्रश्न आणखी अवघड. शिकारीची ठरलेली वेळ संपते तेव्हा समोरच्या शेतात पाच-सात हरणं चरत असतात. त्यांच्या डोळ्यांदेखत खाली उतरलात की ते शेत आठवडाभर मेलं. शेतकऱ्याला सांगून ठेवा, अंधार पडला की ट्रॅक्टर किंवा पिकअप घेऊन शेतात चक्कर मारायला. हरणं गाडीला बिचकून आत जातात, माणसाशी त्याचा संबंध जोडत नाहीत. ही युक्ती माझी नाही, तिथले जुने लोक करतात, आणि ती चालते.

थंडीत हरिण हलत नाही, हे अर्धसत्य. हिवाळी केस पोकळ असतात, खाली दाट लोकर असते, त्यामुळे उणे दहा सेल्सिअसला कुडकुडतो तो आपण. माजात मोठा नर वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा गमावून बसलेला असतो, त्यामुळे हाताशी अन्न असेल तिथे तो येतोच. पण भर हिवाळ्यात हरणाची भूकच मंदावते आणि ते जमेल तितकी हालचाल वाचवतं, हेही खरं. म्हणून प्रत्येक थंड दिवस चांगला नाही. मला भरवशाची वाटते ती वादळापूर्वीची संध्याकाळ, आणि दोन-तीन दिवस झोडपल्यावर आकाश मोकळं होऊन पारा घसरतो ती.

अन्न म्हणजे काय, हे मजकुरात कुठेच नाही. कापणी झालेल्या मक्याच्या शेतात सांडलेले दाणे, न कापलेलं सोयाबीन मिळालं तर उत्तमच. जंगलात ओक ओळखता यायला हवेत. पांढऱ्या ओकची फळं गोडसर, ती सप्टेंबर-ऑक्टोबरातच फस्त होतात आणि उरलेली शरदातच रुजतात. लाल ओकच्या फळांत टॅनिन हे तुरट द्रव्य जास्त, म्हणून ती मागे राहतात आणि वसंतापर्यंत रुजत नाहीत. डिसेंबरात पानं आणि बर्फ उकरलेली जागा लाल ओकखाली सापडते ती यामुळे. ओहायो नदीच्या बाजूला जपानी हनीसकलची वेल हिवाळ्यातही पानं धरून असते. ही परकी वेल स्थानिक जंगलाला ताप आहे, पण हरणांना ती आवडते.

दुसऱ्या माजाबद्दल दावा चुकीचा नाही, फुगवलेला आहे. ज्या मादीला गर्भ राहिला नाही ती साधारण चार आठवड्यांनी पुन्हा माजावर येते, आणि पोषण चांगलं असलेल्या शेतीच्या भागात त्याच वर्षी जन्मलेल्या काही माद्याही डिसेंबरात येतात. पण अशा माद्या विखुरलेल्या आणि कमी असतात. नोव्हेंबरातली धावपळ पुन्हा होत नाही. शिंगं वाजवून नर बोलावण्याचा उद्योग तर आता सोडाच; थकलेला नर भांडण ऐकून दुसरीकडे जातो. माद्या जिथे चरतात तिथे बसा, एखादी माजावर आली तर नर आपोआप येईल.

हाका बंदुकीला परवानगी असलेल्या आठवड्यात लोक घालतात, पण केशरी जाकिटं, प्रत्येकाची जागा आणि कुठल्या दिशेला गोळी झाडायची नाही, हे आधी ठरलेलं असेल तरच. धनुष्यवाल्याला पळतं हरिण समोर आणून देण्यात अर्थ नाही, जखमी करून सोडणं तेवढं होतं. आणि मका? ओहायोत खासगी जमिनीवर चालतो, सार्वजनिक जमिनीवर चालत नाही, इंडियाना-पेनसिल्व्हेनियात नियम याहून कडक आहेत. ओहायोच्या ज्या जिल्ह्यांत हरणांचा क्षयकारी मेंदूरोग सापडला आहे, तिथेही बंदी आहे. रानातल्या हरणात तो राज्यात प्रथम २०२०मध्ये, वायंडॉट जिल्ह्यात आढळला. एका ढिगावर दहा तोंडं लावणं म्हणजे त्या रोगाला आमंत्रण. शिवाय काड्या-कोंबांवर जगणाऱ्या हरणाच्या पोटात अचानक मक्याचा ढीग गेला तर आम्ल वाढून ते मरूही शकतं.

राहिलं मांस. उग्र वास असतो तो मागच्या पायांच्या आतल्या बाजूच्या, केसांनी झाकलेल्या ग्रंथींना. त्यांना लागलेला हात किंवा सुरी मांसाला लागू देऊ नका, पोट वेळेत साफ करा, मांस लवकर गार करा. पण उणे तापमानात ते आखडण्याआधीच गोठू देऊ नका, चिवट होतं. माजाने रोडावलेल्या नरावर चरबी कमी असते, म्हणून खिमा किंवा मंद आचेचा रस्सा करावा. मालवणी मसाल्यात पुढच्या पायाचं मांस तीन तास शिजवलेलं ज्यांनी खाल्लं त्यांची तक्रार मी अजून ऐकलेली नाही.

मजकुरात नसलेली एक गोष्ट मात्र त्यात असायला हवी होती. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून नरांची शिंगं गळायला लागतात. ओहायोत एका हंगामात शिंगांचा एकच नर मारता येतो, त्यामुळे उरलेले परवाने घेऊन लोक मादीसाठी बसतात आणि शिंगं गळालेला नर पाडतात. कायद्याने तो बिनशिंगीच धरला जातो, दंड होत नाही, पण पुढच्या वर्षीचा नर गेलेला असतो. दुर्बिणीतून कपाळ पाहा: शिंगांच्या जागी दोन गोल खुणा दिसतात. मान जाड, अंग चौकोनी आणि एकटंच आलेलं असेल तर बाण सोडू नका. सार्वजनिक जमिनीवर मादीचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलतात, तेव्हा निघण्याआधी त्या वर्षीची पुस्तिका उघडा.