लेडी मॅकबेथ एवढी सरळ नाहीये
शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात मॅकबेथच्या बायकोला, म्हणजे लेडी मॅकबेथला, खलनायिका ठरवून मोकळे झालात ते काही पटलं नाही. नवऱ्याला राजाच्या खुनासाठी भरीस घालते हे खरंच, पण दुसऱ्या अंकात तीच म्हणते ना, की झोपलेला राजा माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच उरकलं असतं, तिथेच बाईचा हळवेपणा पकडला जातो! आणि थोड्या पाण्याने सगळं धुवून निघेल म्हणणारी हीच पुढे झोपेत उठून हात चोळत फिरते, तिला दिसणारा रक्ताचा डाग काही जात नाही. उलट आधी कचरणारा मॅकबेथ नंतर आपल्याच मित्राला, बँकोला, मारायचा प्लॅन बायकोला सांगतसुद्धा नाही. दोघांनी जागा कधी बदलल्या ते कळतच नाही (मला तरी दुसऱ्यांदा वाचताना कळलं).