सभागृह नको, माणूस द्या

आमच्या शहरात ज्येष्ठांसाठी तिसरं विरंगुळा केंद्र मंजूर झालंय. पहिल्याला बहुतेक दिवस कुलूप असतं, दुसऱ्याचं वीजबिल थकल्यामुळे पंखे बंद आहेत, आणि तरी तिसऱ्याची निविदा निघतेय. मी नगरपरिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले आणि आता ज्येष्ठ नागरिक संघाचं काम बघते. पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो, हे दोन्ही बाजूंनी पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नगरपरिषदेकडे पैसे नाहीत म्हणून म्हाताऱ्या माणसांसाठी काही होत नाही, असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. बांधायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत. खासदार निधीतून टिकाऊ मालमत्ताच उभी करता येते, पगार किंवा दरमहा येणारा खर्च त्यातून टाकता येत नाही. आमदार निधीही मुख्यतः बांधकामांवरच जातो. राज्य शासनाचं वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचं अनुदान असो की नगरोत्थान योजना, काम म्हणजे बांधकाम हेच गृहीत असतं. पंधराव्या वित्त आयोगाचे 2021 ते 2026 या काळासाठी आमच्यासारख्या शहरांना ठरलेले पैसे घ्या, तर त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव होते. त्यामुळे केंद्राच्या भिंती, फरशी, बाहेरचा कट्टा, नावाची कोनशिला हे सगळं बाहेरच्या पैशात होऊन जातं. मात्र सकाळी कुलूप उघडणारा माणूस, वीज, झाडलोट, शौचालयाची सफाई हे सगळं नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून करावं लागतं. म्हणजे घरपट्टी, गाळ्यांची भाडी आणि बाजार फी. 1999 साली नगरपालिकांची जकात गेली तेव्हापासून शासनाच्या सहाय्यक अनुदानाकडे डोळे लावून बसायचं, आणि ते आलं की पगार-निवृत्तिवेतनात संपायचं. मुख्याधिकारी कितीही चांगले आले तरी हे गणित बदलत नाही.

आता हे केंद्र कुणाला उपयोगी पडतं ते बघा. ज्याला चालता येतं, ज्याच्या घरचं जेवण वेळेवर होतं आणि ज्याला दुपारी दोन तास मोकळे असतात, त्याला. बहुतेक पुरुषांनाच. बायका येत नाहीत, कारण सत्तरीतही त्यांच्यामागे स्वयंपाक आणि नातवंडं असतात, आणि केंद्रात स्वच्छ शौचालय नसेल तर बाईमाणूस तिथे तासभरही थांबू शकत नाही. गुडघे गेलेत म्हणून दुसऱ्या मजल्यावरून वर्षानुवर्षं खाली न उतरलेली माणसं आमच्या शहरात आहेत. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं सगळं एकटीने करणारी बाई आहे, तिचं स्वतःचं वय पंचाहत्तरच्या पुढे. मुलगा पुण्याला, सून नोकरीवाली, फोन रोज येतो, पण फोनवरून कुणाची कूस बदलता येत नाही. या घरांसाठी नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात एक ओळ नाही. आमच्या अंदाजपत्रकाच्या पुस्तकात महिला व बालकल्याण आहे, दुर्बल घटक आहे, दिव्यांग आहे. ज्येष्ठ नागरिक असं लेखाशीर्ष मला नोकरीतही कधी दिसलं नाही आणि आजही दिसत नाही.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं जवळपास दहा टक्के होती. त्या हिशेबाने साठ हजार वस्तीच्या गावात सहा हजार. त्यानंतर हा आकडा वाढलाच असणार, आणि तालुक्याच्या गावांत जास्तच, कारण तरुण मुलं पुण्या-मुंबईला गेलीत आणि मागे राहिलेत ते आईवडील.

"मुलं आहेत की, त्यांनी बघावं, नगरपरिषदेने का बघायचं?" हा प्रश्न मला आमच्या संघाच्या बैठकीतही विचारला गेलाय. मुलांनी बघावं म्हणून 2007 चा कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. पण त्या आदेशाने कुणाला दवाखान्यात नेता येत नाही. आणि खरं सांगायचं तर बहुतेक घरांत मुलं वाईट नाहीत, ती फक्त इथे नाहीत. आईवर मुलाविरुद्ध दावा लावायची वेळ आणायची की तिच्या दारात आठवड्यातून एकदा नर्स पाठवायची, यातलं माणुसकीचं काय ते आपल्याला कळायला हवं.

आपल्या नगरपरिषदेकडे शववाहिका आहे. चालक आहे, डिझेलची तरतूद आहे, फोन केला की गाडी येते, आणि ती सेवा चांगली चालते. पण ऐंशी वर्षांच्या माणसाला ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपीला जायचं असेल तर रिक्षावाल्याच्या मनावर. नगरपरिषद चालक ठेवू शकते, गाडी चालवू शकते, हिशेब ठेवू शकते, हे शववाहिकेने सिद्ध केलंय. मग माणूस जिवंत असताना त्याच्यासाठी अशी एक गाडी का नाही, हे मला आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

पैसे कमी आहेत हे मला मान्य आहे. म्हणून मी मागते तेही थोडंच आहे.

सगळ्यात आधी यादी. कोण एकटं राहतं, कोण अंथरुणावर आहे, कुणाच्या औषधांत खंड पडतोय. यासाठी एजन्सी नेमायची गरज नाही. घरपट्टीची बिलं वाटणारा कर्मचारी प्रत्येक दारात जातो. घंटागाडीवरची माणसं तर रोजच जातात, कोणत्या घराचा कचरा दोन दिवस आला नाही हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. त्यांना त्यासाठी वेगळं मानधन द्यावं, आणि मुळात त्यांचा ठरलेला पगार वेळेवर द्यावा. ठेकेदाराकडे कमी पगारात राबणाऱ्या माणसावर हे फुकटचं ओझं टाकणं मला मान्य नाही. आशाताईंकडेही ही माहिती असते, फक्त ती त्यांच्या वहीतून नगरपरिषदेपर्यंत येत नाही.

मग जेवण. शिवभोजन थाळी 2020 साली सुरू झाली तेव्हा शहरी भागात एका थाळीचे 50 रुपये धरले होते, 10 जेवणाऱ्याचे आणि 40 सरकारचे. आज पन्नासात भागणार नाही, साठ धरा. बचत गटाच्या बायकांनी रोज चाळीस डबे घरपोच दिले तर दिवसाला 2,400 रुपये, वर्षाला 8,76,000. ज्यांना झेपतं त्यांच्याकडून निम्मे घ्या, खर्च आणखी खाली येईल. पंचवीस-तीस लाखांच्या सभागृहाइतक्या पैशात चाळीस माणसं तीन वर्षं रोज जेवतील. आणि डबा देणारी बाई रोज दार वाजवते, हा त्यातला मोठा फायदा. काल बरं होतं, आज उठवत नाही, हे तिला कळतं.

दिव्यांग निधीबद्दल मुद्दाम लिहिते. स्थानिक संस्थांनी 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो आणि त्यातला बराचसा मार्चअखेरीस घाईघाईत खर्ची पडतो, किंवा पडतच नाही. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. त्यात पार्किन्सन आहे, अंधत्व आणि अंधुक दृष्टी आहे, ऐकू न येणं आहे. आमच्या संघातले कितीतरी जण यात बसतात. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही, कारण तपासणी जिल्हा रुग्णालयात, तिथे सकाळी लवकर पोचायचं, रांगेत उभं राहायचं आणि पुन्हा बोलावलं की पुन्हा जायचं. ज्याला चालता येत नाही त्यालाच चालून दाखवायला लावणारी ही पद्धत आहे. नगरपरिषदेने महिन्यातून एकदा गाडी करून दहा-बारा जणांना नेऊन आणलं, सोबत एक माणूस दिला, तर पडून राहिलेला निधी कायदेशीरपणे याच माणसांवर खर्च करता येईल. यासाठी शासनाकडे एक रुपयासुद्धा मागावा लागत नाही.

ज्येष्ठांना घरपट्टीत सवलत द्या, ही मागणी आमच्याच संघातून दरवर्षी येते आणि मी दरवर्षी विरोध करते. रोष पत्करून इथेही करते. सवलत मिळते ती घर नावावर असलेल्याला. भाड्याच्या खोलीत राहणारी विधवा, श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजनेच्या दीड हजारावर महिना काढणारी, तिला त्यातलं काय मिळणार? आणि जे उत्पन्न कमी होईल त्यातूनच तर नर्सचा पगार निघायचा आहे. आपल्यापैकी ज्यांना निवृत्तिवेतन आहे त्यांनी घरपट्टी पूर्ण भरावी, एप्रिलमध्येच भरावी, आणि मग हक्काने सेवा मागावी.

केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी जाऊन काळजी घेण्याचं काम मलप्पुरम, कोळिकोड भागात स्वयंसेवकांनी उभं केलं. 2008 साली राज्याने त्याचं धोरण केलं आणि पंचायती, नगरपालिका यांच्यावर ती जबाबदारी आली. नर्सचं मानधन आणि गाडीचा खर्च स्थानिक संस्था उचलते, शेजारपाजारची माणसं सोबत जातात. केरळ सरकारची तिजोरी काही महाराष्ट्राच्या तिजोरीपेक्षा मोठी नाही. तिथे हा खर्च दरवर्षीचा म्हणून मान्य केला गेला. आपल्याकडे मात्र नर्सचं नाव काढलं की "आवर्ती खर्च आहे, झेपणार नाही" असा शेरा पडतो. सभागृहाचा देखभाल खर्चही आवर्तीच असतो, तो मंजुरीच्या वेळी कुणी विचारत नाही. निदान एवढा ठराव तरी व्हावा, की पाच वर्षं चालवायचे पैसे कुठून येणार हे लिहिल्याशिवाय कोणतंही नवं केंद्र मंजूर करायचं नाही.

प्रशासकांच्या लांबलेल्या काळात बोलायचं कुणाशी हाच प्रश्न होता. आता नगरसेवक निवडून आलेत, त्यामुळे आम्ही निवेदन दिलंय. स्वतःच्या उत्पन्नातला एक टक्का ज्येष्ठांसाठी, वेगळ्या लेखाशीर्षात, आणि त्यातून बांधकामाला मनाई. एक नर्स, एक गाडी, चाळीस डबे, एवढ्यापासून सुरुवात करा. दोन नगरसेविकांनी सभेत विषय मांडायचं कबूल केलंय. बाकीच्यांनी "बघू" म्हटलंय, त्यांच्याकडे पुन्हा जाणार आहोत.

तुमच्या नगरपरिषदेत किंवा नगरपंचायतीत घरपोच डबा, नर्स, गाडी, यातलं काहीही चालू असेल तर कृपया कळवा. खर्च कोणत्या लेखाशीर्षातून टाकतात आणि लेखापरीक्षणात आक्षेप आला का, हेही सांगा. ठरावाची प्रत मिळाली तर फारच उत्तम, सभेत ती टेबलावर ठेवता येईल.