आउशवित्झचा तलाव आणि बेल्सनचे कोठार

एक मजकूर बरीच वर्षे अनेक भाषांतून फिरत आहे आणि आता तो मराठीतही वाचायला मिळतो. त्याचा आशय असा: नाझी छळछावण्यांत ज्यूंची उपासमार कुणी मुद्दाम केली नाही, व्याप्त पोलंडमधील आउशवित्झ छावणीत पोहण्याचा तलाव, इस्पितळ आणि वाद्यवृंद होता, रेडक्रॉसने पाहणी करून समाधान व्यक्त केले होते, आणि १९४५ मध्ये जगाने पाहिलेली अस्थिपंजर माणसे ही दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बफेकीने पुरवठा कोलमडल्याचा व टायफसच्या साथीचा परिणाम होती. यातली काही विधाने सुटी सुटी घेतली तर खरी आहेत. म्हणूनच त्यांना एकेक करून उत्तर देणे भाग आहे.

तलावापासून सुरुवात करू. आउशवित्झच्या मूळ छावणीत आग विझवण्यासाठी पाण्याचा हौद होता, त्याला उडी मारण्याची फळी बसवली होती आणि मर्जीतल्या मोजक्या बिगरज्यू कैद्यांना तिथे पोहता येत असे. तेथून तीनेक किलोमीटरवरच्या बिर्केनाऊत, म्हणजे आउशवित्झच्याच दुसऱ्या भागात, मात्र मूळ ५२ घोड्यांसाठी आखलेल्या लाकडी तबेल्यांत चारशेहून अधिक माणसे कोंबली जात आणि अंग धुणे तर दूरच, पिण्याजोगे पाणी मिळण्याचीही मारामार होती. एका हौदावरून सगळ्या छावणीचे राहणीमान ठरवायचे असेल, तर तबेल्यांचा हिशेब कुणी द्यायचा?

वाद्यवृंद होता, हेही खरे. कामावर निघालेल्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या तुकड्यांची पावले एका तालात पडावीत आणि माणसे मोजणे सोपे जावे, हा त्याचा मुख्य उपयोग होता.

इस्पितळाचा मुद्दा टायफसशी जोडलेला आहे. टायफस उवांमुळे पसरतो, आणि जिथे साबण नाही, बदलायला कपडा नाही, एका फळकुटावर अनेक जण झोपतात, तिथे उवा होणारच. म्हणजे ही साथ आभाळातून पडलेली नव्हती. ती आटोक्यात आणण्याची एसएसची, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाची, पद्धत कशी होती, हे २९ ऑगस्ट १९४२ रोजी दिसले: त्या दिवशी आउशवित्झच्या इस्पितळातून टायफसचे रुग्ण आणि त्यातून बरे होत असलेले कैदी मिळून सातशेहून अधिक जणांना बाहेर काढून विषारी वायूने मारण्यात आले.

रेडक्रॉसची ती बहुचर्चित भेट २३ जून १९४४ रोजी व्याप्त चेक प्रदेशातील तेरेझीन येथे, ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत (घेट्टोत), झाली. पाहुणे येण्यापूर्वी घरांना रंग दिला गेला, फुलझाडे लावली गेली, आणि गर्दी दिसू नये म्हणून मे महिन्यात सुमारे ७,५०० जणांना आउशवित्झला रवाना करण्यात आले. पाहुण्यांनी ठरवून दिलेल्या रस्त्यावरून चालत जे दाखवले ते पाहिले.

आता उपासमारीकडे येतो. आउशवित्झचे दिवसाचे अन्न म्हणजे सकाळी कॉफीच्या नावाखाली अर्धा लिटर काळे पाणी, दुपारी पाऊण लिटर पातळ सूप आणि रात्री सुमारे ३०० ग्रॅम पाव, त्यासोबत मार्गारीनचा वा सॉसेजचा लहानसा तुकडा. सूपही सगळ्यांना सारखे मिळत नसे. बटाट्याचे तुकडे पातेल्याच्या तळाशी असत, त्यामुळे रांगेत पुढे उभ्या राहणाऱ्याच्या वाट्याला नुसते पाणी येई. ज्याच्याकडे वाडगा नाही त्याला सूप नाही, आणि रात्री बराकीबाहेर पडण्यास बंदी असल्याने तोच वाडगा कित्येकांना शौचासाठी वापरावा लागे. हे वाचताना एक गोष्ट विसरू नये: आलेल्या कुटुंबांकडून काढून घेतलेली भांडी आजही तेथील संग्रहालयात आहेत आणि ती १२,००० हून अधिक भरतात. पातळ पट्टेरी कपड्यांत कैदी थंडीने गारठत असताना गोदामांत काय होते, हेही जानेवारी १९४५ मध्ये उघड झाले. एसएसने जाता जाता बहुतेक गोदामे पेटवून दिली होती, तरीही उरलेल्यांत सोव्हिएत सैन्याला पुरुषांचे साडेतीन लाखांच्या आसपास आणि स्त्रियांचे आठ लाखांहून अधिक कपडे मिळाले.

बॉम्बफेकीची सबब तर कालक्रमातच टिकत नाही. वॉर्सा घेट्टोत ज्यूंना १९४१ मध्ये दिवसाकाठी सुमारे १८४ कॅलरी शिधा ठरवून दिला होता, तर त्याच शहरातील जर्मनांना २,६०० हून अधिक. तेव्हा जर्मन फौजा मॉस्कोच्या दिशेने कूच करत होत्या. २४ ऑगस्ट १९४२ रोजी व्याप्त पोलंडचा गव्हर्नर हान्स फ्रँक याने बैठकीत सांगितले की आपण १२ लाख ज्यूंना उपाशी मरण्याची शिक्षा देत आहोत, हे केवळ ओघात नमूद करावे. हे त्याच्याच दप्तरात लिहिलेले सापडले. रेल्वेचे म्हणाल, तर मे ते जुलै १९४४ या आठ आठवड्यांत तिने हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यू वाहून नेले, बहुतेकांना थेट आउशवित्झला. माणसे आणायला रूळ शाबूत होते.

उरते उत्तर जर्मनीतील बेर्गन-बेल्सन छावणी, कारण अस्थिपंजर माणसांची ती प्रसिद्ध छायाचित्रे तिथलीच आहेत. शेवटच्या आठवड्यांत तिथला पुरवठा खरोखरच ढासळला होता आणि वीज गेल्याने पाण्याचे पंप बंद पडले होते, हे मान्य करायला हवे. पण जुलै १९४४ मध्ये सुमारे ७,३०० कैदी असलेल्या छावणीत एप्रिल १९४५ पर्यंत ६०,००० माणसे कुणी भरली? इतर छावण्यांतून त्यांना हाकलत आणणारी एसएसच होती. १५ एप्रिलला ब्रिटिश सैन्य आत शिरले तेव्हा सुमारे १३,००० प्रेते उघड्यावर पडली होती, आणि सुटकेनंतरही जवळपास तितकीच माणसे दगावली. छावणीपासून काही किलोमीटरवर जर्मन लष्कराचे रणगाडा प्रशिक्षण केंद्र होते. त्याच्या कोठारात ब्रिटिशांना शेकडो टन बटाटे, डबाबंद मांस, साखर आणि दुधाची भुकटी मिळाली. शेजारीच एक बेकरी होती, आणि दिवसाला ६०,००० पाव भाजण्याची तिची क्षमता होती.