जोयनरबाईंचा अर्ज

परवा मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत माझ्या पुढे उभे असलेले एक काका शेजारच्यांना सांगत होते, "आमच्या आजी-पणजीच्या काळात घटस्फोट हा शब्दच नव्हता. लग्नं टिकायची, कारण माणसं सोसायची." घटस्फोट घेतलेली मी मागेच उभी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. नंतर लक्षात आलं तेव्हा ते ओशाळले आणि माझ्या लेकीच्या हातात आणखी एक मोदक ठेवला. काका मनाने चांगले आहेत, म्हणून त्यांना तिथे काही बोलले नाही. पण ते वाक्य मी गेली दोन वर्षं इतक्या तोंडांतून ऐकलंय की आज बसून सविस्तर लिहितेय. मोठी पोस्ट आहे. सवड काढून वाचा.

मी राहते ते अमेरिकेतलं राज्य नॉर्थ कॅरोलिना. इथे घटस्फोट हवा असेल तर नवरा-बायकोने आधी पूर्ण एक वर्ष वेगवेगळ्या घरांत राहावं लागतं. माझं ते वर्ष सुरू असताना वकीलबाईंनी दिलेल्या कागदांत एक शब्द होता, 'डिव्होर्स फ्रॉम बेड अँड बोर्ड'. म्हणजे बिछान्यापासून आणि पानापासून फारकत. वेगळं राहायला कोर्टाची परवानगी मिळते, पण लग्न कायमच राहतं, दुसरं करता येत नाही. इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टातून आलेला हा शब्द इथल्या कायद्यात आजही जिवंत आहे. शनिवार-रविवार लेक बापाकडे असायची, घर खायला उठायचं. त्या शब्दाचा माग काढत मी या राज्याचे एकोणिसाव्या शतकातले निकाल वाचायला लागले.

आणि मला जोयनरबाई भेटल्या.

साल 1862. यादवी युद्ध पेटलेलं. नॉर्थ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर 'जोयनर विरुद्ध जोयनर' हा खटला आला. बाईंच्या अर्जात लिहिलं होतं की नवऱ्याने एकदा घोड्याच्या चाबकाने आणि एकदा छडीने मारलं, अंगावर वळ उठले. त्यांना फारकत हवी होती. सरन्यायाधीश होते रिचमंड पीअरसन. त्यांनी अर्ज अपुरा ठरवला. का? बाईंनी मार खाल्ल्याचं लिहिलं, पण तो कोणत्या प्रसंगात खाल्ला, त्याआधी त्या स्वतः काय बोलल्या, काय वागल्या, हे लिहिलं नाही म्हणून. पीअरसन यांनी एक कल्पित प्रसंगही रंगवला. समजा नवरा घरी आला, बायकोने त्याला हलकट म्हटलं, तू मरून नरकात जा म्हणाली, आणि रागाच्या भरात हातात होता तो चाबूक त्याने ओढला, नंतर त्याला वाईटही वाटलं. मग? मग तेवढ्यावरून तिला सोडून जाण्याचा हक्क मिळत नाही. पुढे बायबलमधलं उत्पत्तीच्या पुस्तकातलं वचन, नवरा तुझ्यावर सत्ता गाजवील. आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष असा की बायकोने नीट वागावं आणि आपली पायरी ओळखावी, एवढ्यापुरतं बळ वापरण्याचा अधिकार कायदा नवऱ्याला देतो.

'पायरी ओळखावी.' त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले होते. कारण हेच शब्द मी मराठीत ऐकलेत, माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहून.

दोन वर्षांनी, 1864 मध्ये, जेसी ब्लॅक नावाच्या माणसाचा खटला आला. हे जोडपं आधीच वेगळं राहत होतं. बायको त्याच्या घरावरून चालली होती, त्याने हाक मारून एका बदनाम बाईवरून तिला डिवचलं, भांडण झालं, ती त्याला डुकरं चोरणारा म्हणाली. त्याने तिचे केस धरून तिला जमिनीवर पाडलं आणि दाबून ठेवलं. तिचा गळा कित्येक महिने दुखत होता. कोर्ट म्हणालं, कायमची इजा नाही, तेव्हा कायदा या घराच्या आत डोकावणार नाही.

आता 1874. 'राज्य विरुद्ध ऑलिव्हर'. हा निकाल इथे अभिमानाने सांगितला जातो, कारण त्यात कोर्टाने स्पष्ट म्हटलं की अंगठ्याहून जाड नसलेल्या छडीने बायकोला मारायचा नवऱ्याचा जुना हक्क आता नॉर्थ कॅरोलिनात कायदा नाही. पण निकालात नोंदलेली ती सकाळ वाचा. न्याहारी उरकून गेल्यावर नवरा पिऊन घरी आला. डुकराचं खारवलेलं मांस घेतलं आणि त्यात अळ्या आहेत, तू ते साफ करत नाहीस, म्हणून तिच्यावर ओरडला. दोन घास खाल्ले, कॉफीचा कप आणि भांडं कोपऱ्यात भिरकावलं, बाहेर गेला. झाडाच्या दोन फांद्या तोडून आणल्या. चार फूट लांब, अर्ध्यावर डहाळ्या, काही पानं तशीच. त्या जमिनीवर टाकून तो तिला म्हणाला, मी तुला मारलं तर तू निघून जाशील, पण मी मारणारच, तू आणि तुझ्या आईने माझा जीव नकोसा केलाय. आणि पाच फटके मारले. तिच्या दंडावरचे वळ दोन आठवडे राहिले. पण कामाला ती अडली नाही, असंही तिथे नोंदवलेलं आहे. दंड झाला दहा डॉलर.

कामाला ती अडली नाही. शेतावरच्या बाईच्या दुखण्याचं माप हे होतं. दूध काढता येतं ना, पाणी आणता येतं ना, मग फार लागलेलं नाही.

आणि त्याच निकालात शेवटी कोर्ट पुन्हा म्हणतं की कायमची इजा किंवा घातक क्रूरपणा नसेल तर पडदा ओढून घ्यावा, लोकांच्या नजरा बाहेर ठेवाव्यात आणि दोघांनी एकमेकांना माफ करून विसरून जावं. तो बाहेरून फांद्या तोडून आणताना तिने काय केलं असेल, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. पळायला तिच्याकडे थोडा वेळ होता. पण पळून जायचं कुठे, हा खरा प्रश्न.

कारण लग्न झालं की बाईने कमावलेला पैसा नवऱ्याचा होत असे; 1868 पर्यंत तर तिची रोकड, गुरं, भांडीकुंडी, सगळंच. ती स्वतःच्या नावावर करार करू शकत नव्हती. मुलांवर पहिला हक्क बापाचा. खेड्यापाड्यांत वरचं कोर्ट वर्षातून दोनदा भरायचं, तालुक्याच्या गावी, न्यायाधीश फिरतीवर यायचे. तिथे पोचायचं तर घोडा नवऱ्याचा, ज्युरी सगळी पुरुषांची, साक्षीदार म्हणजे तेच शेजारी ज्यांच्याशी उद्या कापणीला गाठ पडणार. आणि ती खरंच निघून गेलीच, तर वर्तमानपत्रात तिच्या नावाने जाहीर सूचना: माझी बायको माझा बिछाना आणि पान विनाकारण सोडून गेली आहे, तिला कोणी आसरा देऊ नये, उधार देऊ नये, तिचं देणं मी फेडणार नाही. कुठे पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती असत, कुठे या बायकांच्या. आसरा देऊ नका, हा इशारा दोन्हीकडे असायचा.

शेजारच्या साउथ कॅरोलिनात तर घटस्फोट नव्हताच. गुलामगिरीच्या सगळ्या काळात त्या राज्याने एकही घटस्फोट मंजूर केला नाही. युद्धानंतर 1868 च्या नव्या घटनेने वाट मोकळी केली, 1872 मध्ये कायदा झाला, 1878 मध्ये तो रद्दही झाला. 1895 च्या घटनेत सरळ लिहून टाकलं की या राज्यात घटस्फोटाला मुभा नाही. काळ्या नागरिकांचा मतदानाचा हक्क काढून घेणारी घटना हीच. ही बंदी उठली 1949 साली. काकांच्या भाषेत सांगायचं तर लग्नं टिकणारं राज्य.

याच राज्यात 1795 पासून असा कायदा होता की घरी बायको असलेल्या पुरुषाने आपल्या रखेलीला किंवा तिच्यापासून झालेल्या मुलांना इस्टेटीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त देऊ नये. जरा विचार करा. घटस्फोट पाप म्हणून नाकारला आणि रखेलीचा हिस्सा कायद्यात मोजून ठेवला. मोडलेली लग्नं नव्हती, तर हा कायदा कोणासाठी केला?

गेल्या वर्षी मी गाडी काढून साउथ कॅरोलिनात बीच आयलंडला रेडक्लिफ बघायला गेले. मॅग्नोलियाच्या झाडांची लांब ओळ, तिच्या टोकाला पांढरं मोठं घर, मागे गुलामांच्या खोल्या. हे घर जेम्स हेन्री हॅमंडचं. राज्याचा गव्हर्नर, पुढे सिनेटर, 1858 मध्ये सिनेटमध्ये कापूस हाच राजा म्हणून गाजलेलं भाषण करणारा. त्याने 1831 मध्ये चार्ल्सटनच्या सतरा वर्षांच्या कॅथरीन फिट्झसिमन्सशी लग्न केलं. तिच्याबरोबर सव्हाना नदीकाठचा मळा आला आणि 147 गुलाम माणसं आली. 1839 मध्ये त्याने 900 डॉलरला अठरा वर्षांची सॅली जॉन्सन आणि तिची वर्षाची मुलगी लुइसा विकत घेतली. सॅलीला त्याने ठेवलं. लुइसा बारा वर्षांची झाली तेव्हा तिलाही.

1850 मध्ये कॅथरीन घर सोडून गेली. लुइसाला दूर पाठव, एवढीच तिची अट होती. त्याने मानली नाही. काही वर्षांनी कॅथरीनच परतली. दुसरं काय करणार होती? घटस्फोट त्या राज्यात कोणालाच मिळत नव्हता. कागदोपत्री ते लग्न हॅमंड मरेपर्यंत, 1864 पर्यंत टिकलं. मोजणाऱ्याने मोजलं तर तेहतीस वर्षांचा संसार.

पण कॅथरीनला किमान दार उघडून बाहेर पडता आलं, तिला माहेर होतं. लुइसाला काय होतं? हॅमंडने 1856 मध्ये मुलाला पत्र लिहून बजावलं की लुइसाला आणि तिच्या मुलांना परक्याच्या हाती जाऊ देऊ नको, आपल्या रक्ताची माणसं आपल्याच घरात गुलाम राहू देत. त्याने हे माया म्हणून लिहिलं होतं. त्या मागच्या खोलीच्या दारात उभं राहून मला श्वास घेता येईना. माझ्या लेकीला तेव्हा बारावं लागलं होतं. मी लगेच गाडीत येऊन बसले, फोटो एकही काढला नाही.

गुलाम माणसांच्या लग्नाला कायदा लग्नच मानत नव्हता. मालकाने एकाला विकलं की झालं. युद्ध संपल्यावर 1866 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने कायदा केला की पूर्वी गुलाम असलेल्या जोडप्यांनी पंचवीस सेंट भरून आपला संसार कधीपासूनचा आहे ते नोंदवावं. लोकांनी ते नोंदवलं. विकलं जाण्याच्या भीतीखाली जपलेल्या संसाराची ती पहिली पावती. आणि 1871 मध्ये अलाबामात फुलघम नावाच्या खटल्यात, ज्यात नवरा-बायको दोघंही गुलामीतून सुटलेले होते, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बायकोला काठीने मारणं, केस ओढणं, लाथा घालणं हा हक्क कितीही पुराणा असला तरी आता कायदा तो मानत नाही. तो निकाल वाचला तेव्हा मी मोठ्याने रडले. का ते मला अजून नीट सांगता येत नाही.

काका, तुमच्या आजीच्या काळाबद्दलही बोलू. आपल्याकडे कितीतरी जातींत काडीमोड होता, पाट लागायचा, पंचांसमोर फारकत व्हायची. घटस्फोट नव्हता तो वरच्या म्हणवणाऱ्या घरांत. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी तो कायद्याने आला 1947 मध्ये, देशभर 1955 मध्ये. माझ्या आजीची धाकटी बहीण लग्नानंतर चार वर्षांनी माहेरी परत आली ती कायमची. तिच्या नावापुढे शेवटपर्यंत सासरचं आडनाव होतं. घरातल्या सगळ्यांची धुणी, लोणची, बाळंतपणं तिने केली. तिला सगळे मावशी म्हणायचे, आणि ती का परत आली हे एकानेही विचारलं नाही. तिचं लग्नही तुमच्या हिशोबात टिकलेलंच धरलं जातं.

माझ्या सुनावणीला फार वेळ लागला नाही. न्यायाधीश बाई होत्या. लग्न कधी झालं, या राज्यात किती दिवस राहता, वेगळे कोणत्या तारखेपासून राहता, एवढंच विचारलं. मी रात्रभर जागून सगळं मुद्देसूद लिहून नेलं होतं, कोणत्या दिवशी काय झालं, आधी कोण काय बोललं, मी उलट बोलले तेव्हा नेमकं काय म्हणाले. चार पानं होती. मी ती पुढे केली, तर त्या म्हणाल्या, त्याची गरज नाही, आणि सही केली.

ती चार पानं अजून गाडीच्या कप्प्यात आहेत.