बोटीला इंजेक्शन

गावाच्या व्हॉट्सॲप समूहावर गेल्या आठवड्यापासून एक छायाचित्र फिरते आहे. त्यात अण्णा बोटीच्या गिअरच्या दांड्यावर हात ठेवून, नदीच्या पैलतीराकडे करारी मुद्रेने पाहत बसलेले आहेत. खाली मजकूर आहे : ‘अण्णांच्या प्रसंगावधानामुळे गावाची बोट बचावली.’ त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग आहे. छायाचित्राच्या डाव्या कोपऱ्यात, इंजिनाच्या खोक्यातून वर आलेले दोन तळपाय दिसतात. ते माझे आहेत. मजकुरात त्यांचा उल्लेख नाही.

2019 च्या ऑगस्टमधील महापुरात कृष्णेने काठावरची गाळाची मळीची राने, विहिरींवरचे पंप आणि पलीकडे जाण्याच्या वाटा गिळल्यानंतर आम्ही नदीकाठच्या काही घरांनी वर्गणी काढली आणि मालवणच्या बाजूने एक जुनी डिझेल बोट आणली. तिचे इंजिन मागे लटकणारे नसून पोटात बसवलेले आहे. इंजिनाच्या मागे गिअरबॉक्स आणि त्यातून निघालेला शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, थेट पाण्यातल्या पंख्यापर्यंत जातो. पुस्तिका इंग्रजीत असल्यामुळे आणि मी निवृत्त शिक्षक असल्यामुळे देखभाल माझ्याकडे आली. मी आयुष्यभर मराठी शिकवले, ही गोष्ट त्या बैठकीत कोणी विचारात घेतली नाही.

बोटीच्या गिअरबॉक्सचे तेल इंजिनाच्या तेलापासून वेगळे असते आणि ते वेळच्या वेळी बदलावे लागते, कारण बोटीला ब्रेक नसतो. थांबायचे असेल तर गिअर उलटा टाकावा लागतो, त्या प्रत्येक वेळी आतल्या क्लचच्या चकत्या एकमेकींवर घासून तापतात आणि ती सारी उष्णता त्या बिचाऱ्या तेलाला सोसावी लागते. आमच्या गिअरबॉक्सला लागणारे तेल म्हणजे मोटारींच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात तेच पातळ लाल ऑइल होय. गळती झाली तर कुठले तेल गळते आहे हे चटकन ओळखू यावे म्हणून त्यात मुद्दाम लाल रंग मिसळलेला असतो. चिकोडीच्या दुकानात ते सहज मिळाले. दुकानदाराने ‘कुठली गाडी?’ असे विचारले, मी ‘बोट’ म्हणालो, आणि त्याने माझ्याकडे थोडा वेळ पाहून पैसे मोजून घेतले.

खरी अडचण जुने तेल काढण्याची होती. गिअरबॉक्सच्या तळाला नट असतो, तो सोडला की तेल खाली येते, असे पुस्तिका म्हणते. पुस्तिकेतला गिअरबॉक्स मात्र कोऱ्या पांढऱ्या पानावर एकटाच तरंगत असतो आणि त्याच्या चहूबाजूंनी हात फिरवणाऱ्या माणसाला कोपर आहे की नाही याची शंका यावी इतकी मोकळीक त्याला असते. प्रत्यक्षात तो नट आणि बोटीचा तळ यांच्यामध्ये काडेपेटी आडवी जाईल एवढीच जागा होती. तिथे भांडे कुठून ठेवणार? ही चित्रे काढणाऱ्या माणसांना एकदा तरी आमच्या बोटीत उताणे किंवा पालथे, जसे जमेल तसे, निजवावे असे मला मनापासून वाटते आणि हे मी विनोदाने लिहीत नाही. उपाय असा की तेल मोजायची पट्टी काढून त्या भोकातून नळी आत सोडायची आणि तेल वरून ओढून घ्यायचे. त्यासाठी लागणारा हातपंप गावात मिळेना, म्हणून जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून म्हशीला वापरण्याची मोठी सिरिंज आणि नळीचा एक तुकडा मी उसना आणला.

आमच्या घाटावर एक जुनी काहील पालथी पडलेली असते. गुऱ्हाळे चालू असताना तिच्यात गूळ शिजत असे, पुढे पूर आला की तिच्यात बसून माणसे नदी पार करत, आणि आता त्या दोन्ही सेवांतून निवृत्त झालेल्या त्या काहिलीवर तितकेच निवृत्त अण्णा सकाळपासून बसलेले असतात. कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटरवर न्यावी की नाही, या प्रश्नावर महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन राज्ये वर्षानुवर्षे झगडत आहेत. अण्णांनी तो त्या काहिलीवर बसून केव्हाच निकालात काढलेला आहे. मी सिरिंज घेऊन बोटीत उतरताच ते उठले, धोतराचा सोगा सावरला आणि बोटीच्या काठावर येऊन बसले.

‘काय करालायसा मास्तर?’

‘गिअरबॉक्सचे तेल बदलतो आहे.’

‘मग इंजेक्शन कशाला?’

मी त्यांना समजावले. तेल थंड असताना घट्ट असते आणि नळीतून लवकर येत नाही, शिवाय तळाचा गाळ तळालाच राहतो. म्हणून आधी इंजिन थोडा वेळ चालवून तेल कोमट करून घ्यायचे आणि मग ओढायचे. एवढे सांगून मी इंजिन सुरू केले. अण्णांनी हात लावून गिअरबॉक्सची ऊब पाहिली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

‘अंगात ताप असताना कुणी इंजेक्शन करतंय व्हय? आमच्या म्हशीला तसंच केलं हुतं. तिसऱ्या दिवशी गेली.’

‘अण्णा, हे इंजेक्शन नाही. मी काही आत घालत नाही, बाहेर काढतो आहे.’

‘म्हंजे रगत काढालाय. तपासायला कुठं धाडणार? बेळगावला?’

मी उत्तर न देता इंजिन बंद केले आणि डोके खाली, पाय वर अशा स्थितीत खोक्यात शिरलो. या स्थितीत माणसाचे रक्त डोक्यात उतरते, चष्मा बोटीच्या तळाच्या पाण्यात पडतो आणि वरच्या माणसाचे बोलणे मात्र अतिशय स्पष्ट ऐकू येते. पहिली सिरिंज भरून मी बाटलीत रिकामी करायला अण्णांकडे वर दिली, कारण दुसरा कोणी हाताशी नव्हता. तेलाचा लाल रंग कुठल्या कुठे गेला होता. ते काळपट तपकिरी झाले होते आणि त्याला करपल्याचा वास येत होता, म्हणजेच आधीच्या मालकाने क्लचच्या चकत्या भरपूर घासवल्या होत्या. ते दुधी गुलाबी आले असते तर तेल थंड ठेवणारा कूलर फुटून तेलात पाणी शिरले आहे असे समजावे लागले असते, त्या मानाने आमचे बरेच बरे होते. अण्णांनी बाटलीत नाक घातले.

‘लोणच्याचा खार हाय की हा! एवढं चांगलं तेल टाकून देणार? आमच्या विहिरीवर इंजिन हुतं. बापजन्मात तेल बदललं न्हाई. कमी झालं की वरनं घालायचं.’

‘आणि ते इंजिन आता कुठे आहे?’

‘भंगारात घातलं की,’ अण्णा म्हणाले. त्यांच्या स्वरात खेदाचा लवलेश नव्हता आणि मला काय सुचवायचे आहे याचा तर त्याहून नव्हता.

आमच्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते असे म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात. नगरपालिकेने जागा सोडायला लावल्यावर 1910 मध्ये ते औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर गेले आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली, हे आम्ही वर्गात मोठ्या अभिमानाने शिकवत आलो. खोक्यात उलटा लोंबकळत असताना मला पक्के कळले की त्या पहिल्या नांगराशेजारी अण्णांचे आजोबा बसलेले असणार. नगरपालिकेचे कारण निमित्तमात्र असावे.

एव्हाना जुने तेल निघाले होते आणि ते बाटलीत मोजून मी तेवढेच नवे तेल नरसाळ्याने भरले. मग पट्टीने पातळी पाहायची होती. या गिअरबॉक्सची पट्टी आटे फिरवून आत बसवायची नसते. ती भोकाच्या कडेवर नुसती टेकवून माप पाहायचे आणि मगच आटे घट्ट करायचे, असे पुस्तिकेत स्वच्छ छापलेले आहे. अण्णांना हे मान्य होईना.

‘आटा न बसवता माप? डॉक्टर ताप बघताना काचेची नळी तोंडात घालतोय का ओठावर टेकवतोय?’

‘पुस्तकात तसे लिहिले आहे, अण्णा.’

‘बघू पुस्तक.’

मी पुस्तिका वर दिली. अण्णांनी चित्र बराच वेळ न्याहाळले आणि निर्णय दिला, ‘ह्यातल्या हाताला जागा लई हाय. तुमचा हातच मोठा हाय मास्तर.’ हे वाक्य मी अजून विसरू शकलेलो नाही. पुस्तिकेविषयी मनात इतका वेळ जो राग साठला होता, तो त्यांनी माझ्या हातावर ढकलून दिला होता.

शेवटची चाचणी राहिली होती. बोट दोरांनी घट्ट बांधून इंजिन हळू चालवायचे, गिअर पुढे, मध्ये, मागे असा काही वेळा टाकायचा, म्हणजे नवे तेल सगळीकडे पोचते. मग इंजिन बंद करून पातळी पुन्हा पाहायची. गिअर टाकायला एक माणूस आणि खाली लक्ष ठेवायला दुसरा माणूस लागतो. घाटावर दुसरा माणूस म्हणजे अण्णा. मी त्यांना दांडा कसा ढकलायचा ते दाखवले आणि पुन्हा खोक्यात शिरलो.

आता शाफ्ट बोटीबाहेर जातो त्या ठिकाणी एक ग्लँड, म्हणजे नदीचे पाणी अडवणारा सांधा, असते आणि शाफ्ट फिरत असताना तिथून थेंब थेंब पाणी आत येणे हे बोट धडधाकट असल्याचे लक्षण आहे, कारण त्या पाण्यानेच ग्लँडमधले पॅकिंग थंड राहते. ते थेंब पूर्ण बंद होतील इतकी ग्लँड आवळली तर शाफ्ट तापतो आणि झिजतो. हे सर्व अण्णांना आधी सांगण्याची गरज मला वाटली नाही, कारण अण्णा खाली वाकून पाहतील असे गृहीत धरायला काही कारण नव्हते. ते वाकले. त्यांनी थेंब पाहिले. दुसऱ्या क्षणी कृष्णेच्या दोन्ही तीरांवर ऐकू जाईल असा आवाज घुमला.

‘पाणी शिरलं! बोट बुडाली! मास्तर खाली अडकल्यात!’

घाटावर धुणे धुणाऱ्या बायका, बंधाऱ्यावर गळ टाकून बसलेली पोरे, उसाचा ट्रॅक्टर रस्त्यात सोडून आलेला चालक, असे सगळे धावत आले. इंजिनाच्या आवाजात माझे स्पष्टीकरण बुडून गेले. कोणीतरी इंजिन बंद केले, कोणीतरी माझे पाय धरून ओढू लागले आणि कोणीतरी त्याच घाईत मोबाईल काढला. मी वर येईपर्यंत अण्णा ‘येळेवर बघितलं म्हणून बरं’ असे चौघांना सांगून मोकळे झाले होते, आणि इंजिन बंद होताच पाणी थांबले हा त्यांच्या हाताचा गुण ठरला. मी पट्टी टेकवून पातळी पाहिली. तेल अगदी खुणेवर होते. ते पाहायला कोणीच थांबले नव्हते.

जुन्या तेलाचे काय करायचे, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच. वापरलेले तेल धोकादायक कचऱ्यात मोडते, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यावे असा 2016 चा नियम आहे. पण अर्ध्या लिटरसाठी आमच्या गावापर्यंत कोण येणार? अण्णांनी बाटली नदीत रिकामी करायला सुचवले. मी नकार देताच ते म्हणाले, ‘वरनं कारखान्यांची मळी येतीया, मासं पालथं पडत्यात, ते चालतंय. तुमच्या वाटीभर तेलानं काय हुतंय?’ मी रागावलो खरा. पण राग अण्णांवर होता असे म्हणवत नाही. या काठावर मेलेल्या माशांचा खच पडतो तेव्हा पंचनामे होतात, नमुने नेले जातात, बातम्या छापून येतात, दोन्ही राज्यांतले लोक एकमेकांच्या हद्दीकडे बोट दाखवतात आणि पुढच्या हंगामात मासे पुन्हा पालथे पडतात. एवढ्या मोठ्या अनास्थेसमोर माझी झाकण घट्ट लावलेली बाटली मलाच थोडी हास्यास्पद वाटू लागते. ती सध्या आमच्या गोठ्याच्या फळीवर आहे, आणि वाळवी लागलेल्या खांबाला ते तेल चोपडायला मागण्यासाठी आतापर्यंत निम्मी गल्ली येऊन गेली आहे.

सिरिंज परत करायला गेलो तेव्हा डॉक्टर कळवळले. तेलाने तिचे रबर फुगले होते आणि ती पुन्हा जनावराला वापरण्याजोगी राहिली नव्हती. मी नवी आणून देण्याचे कबूल केले. परंतु सरकारी वस्तू निकामी झाल्याची नोंद करावी लागते, म्हणून त्यांनी नोंदवही उघडली आणि ‘जनावराचा प्रकार’ या रकान्यावर पेन टेकवून माझ्याकडे पाहिले. मी विचारात पडलो. अण्णा माझ्यामागोमाग आले आहेत हे मला ठाऊक नव्हते.

‘म्हैस लिवा डॉक्टर,’ ते दारातून म्हणाले. ‘आन् पुढं, सवय वाईट : चालताना गळती.’