वायरमनला परमिट, एसीवाल्याला काहीच नाही

"गॅस संपलाय, भरावा लागेल." हे वाक्य ऐकलं की आता डोकं फिरतं. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की घरोघरी हाच प्रकार. गेल्या उन्हाळ्यात गॅस भरला, या उन्हाळ्यात पुन्हा संपला. अहो, एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे, चालवलं म्हणून संपायला! तो बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळतोय. मग गळती शोधा, ब्रेझिंग करून, म्हणजे धातू वितळवून सांधून, बुजवा, नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते बघा, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढा आणि मशीनच्या पाटीवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम वजनकाट्यावर मोजून सोडा. याला म्हणतात गॅस भरणं. आमच्याकडे येतो तो माणूस नळी जोडतो, दाब दाखवणाऱ्या गेजकडे एक नजर टाकतो, "झालं साहेब, आता बघा कसा गारठा येतो" म्हणतो आणि रोख पैसे खिशात घालून जातो. वजनकाटा त्याच्या पिशवीत नसतोच. बिल मागितलं तर "बिल पाहिजे तर जीएसटी लागेल." आणि बिल नसेल तर ग्राहक आयोगापुढे दाखवणार काय, कपाळ?

पण माझा खरा राग त्या पोरावर नाहीच. त्याला हे काम येतं की नाही, हे तपासायची जबाबदारी या राज्यात कुणावरच नाही, राग त्याचा आहे.

घरातलं वायरिंग करायचं तर नियम आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की विजेच्या मांडणीचं काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच करायचं, परमिटवाल्या माणसाच्या हातून. त्याच वाक्यात सूट कशाला दिली होती? दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि 250 व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं बदलायला. बल्ब बदलायला परवाना नको, हे एकदम बरोबर. पण दीड टनाचा एसी उघडून आतल्या दाबाखालच्या वायूशी खेळणं हे काय बल्ब बदलण्याइतकं सोपं काम आहे? त्याच्यासाठी वेगळा नियम कुणी का केला नाही? भिंतीतली तार ओढणाऱ्याला परमिट, रिक्षावाल्याला बॅज, औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट हवाच. आणि एसी उघडणाऱ्याला? पाना आणि बाईक असली की बस.

आणि आता आत भरलेला वायूही पूर्वीचा राहिलेला नाही. जुन्या आर-22 ला आग लागण्याचा धोका फारसा नव्हता, पण तो ओझोनचा थर खातो म्हणून 2030 पर्यंत बंद होतोय. नव्या बहुतेक एसींत आर-32 असतो, तो पेट घेऊ शकतो. काहींत आर-290 असतो. आर-290 म्हणजे चक्क प्रोपेन, स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये ब्यूटेनसोबत असतो तोच. दुसरीकडे न्यायचा म्हणून एसी काढताना गॅस कॉम्प्रेसरने आत ओढून घेतात, तेव्हा एखादा जोड सैल राहून हवा आत गेली तर कॉम्प्रेसर फुटू शकतो. हे ज्याला कुणी कधी शिकवलंच नाही, तो माणूस आपल्या बाळाच्या पाळण्याशेजारी बसून ते करतोय. तोच सातव्या मजल्याच्या ग्रिलवर पट्टा न लावता उभा राहून आउटडोअर युनिट काढतो. उद्या पडला तर कोण जबाबदार? ज्या अॅपवरून त्याला बोलावलं ते अॅप म्हणणार तो आमचा कर्मचारी नाही, भागीदार आहे.

शिक्षण नाही असंही नाही. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. 2019 च्या राष्ट्रीय कूलिंग कृती आराखड्यात 2022-23 पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं असं लिहिलंय. छान आहे. पण प्रमाणपत्र नसलेल्याला काम करायला मनाई नसेल, तर ते घेणारा शहाणा की वेडा? ज्या पोराने दोन वर्षं घालवून काम शिकलं, व्हॅक्यूम पंप विकत घेतला, तो दर लावणार जास्त. शेजारचा नुसती नळी घेऊन फिरणारा निम्म्यात करून देणार. गिऱ्हाईक जाणार निम्म्याकडे. चांगल्या कारागिरालाच शिक्षा!

अमेरिकेत 1994 पासून प्रमाणपत्राशिवाय आर-22 सारख्या वायूंना हात लावता येत नाही. कॅलिफोर्नियात तर घरगुती उपकरणं दुरुस्त करणाऱ्या धंद्याला राज्याकडे नोंदणी करावी लागते, खर्चाचा अंदाज आधी लेखी द्यावा लागतो. आपल्याकडे अंदाज विचारला तर "उघडल्यावर सांगतो", आणि उघडल्यावर पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, गेलेलाच असतो.

लगेच कुणीतरी म्हणेल, परवाना आला की चिरीमिरी आली, गरिबाचं पोट मारू नका. चिरीमिरीची भीती मलाही आहे. पण मग वायरमनचं परमिटही रद्द करा ना! वीस वर्षं हाताने काम केलेल्या माणसाला आयटीआयच्या बाकावर पुन्हा बसवा असं कुणी म्हणत नाही. त्याची प्रात्यक्षिक परीक्षा घ्या, मराठीत घ्या, फी नाममात्र ठेवा, पास झाला की कार्ड द्या. त्या कार्डाचा नंबर बिलावर छापणं सक्तीचं करा. नंबर टाकला की माणूस खरा आहे का, कुठल्या वायूचं काम त्याला येतं, त्याच्यावर तक्रारी किती, हे मोबाईलवर दिसलं पाहिजे. अॅपवाल्यांनी कार्ड नसलेला माणूस घरी पाठवला तर दंड अॅपला, पोराला नाही.